क्षयरुग्णाच्या दारात जाण्याआधी : गोव्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी

प्रशिक्षणाच्या दिवशी मी एक गोष्ट नेहमी करायचे. समोर बसलेल्या नर्स, बहुउद्देशीय कर्मचारी, अंगणवाडी सेविकांना विचारायचे, "टीबीचा संशय कधी घ्यायचा?" सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर." मग थुंकीची रिकामी डबी त्यांतल्या एकीच्या हातात द्यायची आणि म्हणायचे, "मी सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरची साठीची बाई. मला वाचता येत नाही. या डबीचं काय करायचं ते सांग." ती डबी पुढे करून म्हणायची, "मावशी, उद्या सकाळी यात थुंकी घालून आणा."

झालं. मावशी दुसऱ्या दिवशी लाळ घेऊन येणार, लाळेत जंतू सापडणार नाहीत, कागदावर 'निगेटिव्ह' लागणार आणि घरी सून-नातवंडांत बसून ती आणखी दोन महिने खोकणार. प्रश्नाचं उत्तर बरोबर होतं, पण ज्ञान डबीपर्यंत पोचलं नव्हतं. क्षयरोगाच्या कामात चोवीस वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की आपल्या लोकांना माहिती कमी पडत नाही. रुग्णाने समोरून प्रश्न विचारला, की त्या क्षणी माहितीचं बोलण्यात आणि कृतीत रूपांतर होत नाही. हा लेख त्या क्षणांसाठी आहे. ज्या क्रमाने रुग्ण भेटतो त्याच क्रमाने तो लिहिला आहे.

आधी जुनं विसरा

ज्यांनी २०१७ च्या आधी हे काम शिकलं, त्यांच्या डोक्यात अजून टीबीच्या औषधांचा लाल डबा आणि निळा डबा बसलेला असतो. आठवड्यातून तीन दिवस गोळ्या, पुन्हा टीबी झालेल्याला स्ट्रेप्टोमायसिनची सुई. ते सगळं गेलं. आता औषध रोज घ्यायचं असतं आणि एकाच गोळीत तीन-चार औषधं असतात. पूर्वी टीबी झाला होता एवढ्यावरून वेगळा उपचार ठरत नाही. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, यावर तो ठरतो. कार्यक्रमाचं नावही २०२० पासून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झालं.

आणखी दोन समजुती टाकून द्या. रक्त तपासून टीबी आहे की नाही सांगणाऱ्या अँटिबॉडी चाचण्यांवर सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. रुग्ण असा कागद घेऊन आला तर त्यावर विसंबू नका, थुंकी पाठवा. दुसरी समजूत, 'बीसीजी घेतलंय म्हणजे मूल सुरक्षित.' बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बरंचसं वाचवतं. मोठेपणी फुप्फुसाचा टीबी होणारच नाही, अशी खात्री ते देत नाही.

संशय : आपल्या भागात कुणावर नजर ठेवायची

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, दोन आठवड्यांहून जास्त ताप, कारण नसताना वजन उतरणं, थुंकीतून रक्त, रात्री घाम, मानेत गाठ. यांपैकी एक असलं तरी पुरे. सगळी लक्षणं एकत्र दिसायची वाट बघू नका. लहान मुलांत खोकल्यापेक्षा वजन न वाढणं हीच मोठी खूण असते, आणि ती अंगणवाडी सेविकेला डॉक्टरांच्याही आधी दिसते.

आता आपल्या गोव्याचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मधुमेह पाहणीत गोव्यात प्रौढांमधलं मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आलं, देशात सर्वांत जास्त. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. म्हणजे उपकेंद्रात रक्तदाब-साखरेच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला जी रांग लागते, तीच आपली टीबी शोधायची जागा. साखर तपासताना एक प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात : "खोकला आहे का? किती दिवस?" हे उलटही करायचं असतं. टीबी सापडलेल्या प्रत्येकाची साखर आणि एचआयव्ही तपासायचं असतं. यातलं एकही सोडू नका.

डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात खाणीवर आयुष्य गेलेली माणसं आहेत. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की टीबीला वाट सोपी होते. 'खाणीचा खोकला' म्हणून ते स्वतःच तो सोडून देतात. मालीम आणि कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवर काम करणारे झारखंड-ओडिशाचे तरुण एका खोलीत दहा-दहा झोपतात. बांधकामावरच्या आणि वेर्णा, कुंडई, तुयेंच्या कारखान्यांतल्या कामगारांची खोलीही तशीच. त्यांच्याकडे जाल तेव्हा एक पथ्य पाळा. मुकादमाला दुभाषा करू नका. टीबी असल्याचं मुकादमाला कळलं की त्या मुलाची दुसऱ्या दिवशी गाडी धरून रवानगी होते, आणि औषध सुरू व्हायच्या आधीच रुग्ण हातचा जातो. त्याच्या भाषेतला दुसरा सोबती, आधी बरा झालेला कुणी, किंवा फोनवरून भाषांतर असं काहीही चालेल.

तिसरी गोष्ट पावसाची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात सगळेच खोकतात, म्हणून कुणाचाच खोकला मोजला जात नाही. पावसात दिवस लिहून ठेवायची सवय लावा. 'पाऊस लागला तेव्हापासून' असं रुग्ण म्हणाला तर मृग की आर्द्रा, शाळा सुरू झाली तेव्हा की गणेश चवथीच्या आसपास, असं विचारून तारीख काढा.

लक्षणं नसलेलेही रुग्ण असतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण हातून निसटले असते. म्हणून मधुमेही, म्हातारी माणसं, दारू-विडीची सवय असलेले, रुग्णाच्या घरातले, कुपोषित अशांना नुसतं विचारून थांबू नका, एक्स-रेला पाठवा. मात्र एक्स-रेवर डाग दिसला म्हणून टीबी पक्का होत नाही. त्यापुढे थुंकीची तपासणी हवीच.

एका चुकीवर बोट ठेवायलाच हवं. खोकल्याला लेव्होफ्लॉक्सासिन किंवा त्या जातीचं प्रतिजैविक देऊन बघण्याची सवय. हे औषध टीबीच्या जंतूवरही थोडं चालतं. आठ दिवस बरं वाटतं, टीबीचं निदान महिना-दोन महिने पुढे जातं, आणि पुढे हेच औषध लागलं तर जंतू त्याला सरावलेला असतो. औषधाच्या दुकानातून कुणी ते आणून खात असेल तर थुंकी आजच घ्या.

थुंकी : सगळं इथेच अडतं

लाळ आणि बेडका यांतला फरक रुग्णाला शब्दांनी कळत नाही. करून दाखवावा लागतो. मी असं सांगते : "मावशी, आधी पाण्याने चूळ भरा, पेस्ट नको. मोकळ्या हवेत या, मागच्या परसात. दोन वेळा खोल श्वास घेऊन सोडा. तिसरा श्वास छातीत धरा आणि पोटातून खोकला काढा, असा." आणि स्वतः खोकून दाखवते. "जे घशातून घट्ट वर येईल ते तोंडात न घोळवता थेट डबीत. तोंडाची लाळ नको."

एवढं करूनही पहिल्यांदा पाणचट येतं. डबी उजेडात धरून बघा. बुडबुडे आणि पाणी असेल तर परत सांगा, रागावू नका. पिवळसर, चिकट, कधी रक्ताची रेघ असलेलं किमान दोन मिलिलिटर हवं. नमुने दोन लागतात. एक त्याच वेळी समोर घेतलेला, दुसरा दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या. खोकला येत नसेल तर पहाटेचाच नमुना चांगला मिळतो, कारण रात्रभर साचलेलं असतं.

नाव झाकणावर लिहू नका. प्रयोगशाळेत झाकणं उघडतात आणि अदलाबदल होते. डबीच्या अंगावर लिहा. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, त्याच दिवशी पाठवा. रुग्णाला थुंकी बंद खोलीत, शौचालयात किंवा तुमच्या टेबलापाशी काढायला लावू नका. त्या खोकल्यातूनच जंतू हवेत जातात, आणि तुम्ही तिथेच उभ्या असता.

पूर्वी हे नमुने फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघत. त्यात जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये सुमारे १०,००० असावे लागतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्राला शे-दीडशे पुरतात, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही त्याच वेळी कळतं. ट्रूनॅट बनवणारी मोल्बियो कंपनी आपल्या वेर्ण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ते यंत्र मान्य केलं. हे रुग्णाला सांगायला मला आवडतं. "गोव्यात बनलेल्या यंत्रावर तपासणार" म्हटलं की माणूस जरा सैल होतो.

इथे एक बारकावा जाणत्या कर्मचाऱ्यांकडूनही चुकतो. ही यंत्रं जंतूचा डीएनए शोधतात, मेलेल्या जंतूचाही. म्हणून उपचार चालू असताना रुग्ण बरा होतोय का ते बघायला ही चाचणी वापरायची नसते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक किंवा कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणं. गोळ्या नीट घेणारा रुग्ण तिसऱ्या महिन्यात ट्रूनॅटचा 'पॉझिटिव्ह' कागद बघून हादरला आणि औषधच सोडून बसला, हे मी पाहिलेलं आहे.

निदान सांगणं

"म्हाका टीबी? म्हज्या घरांत कोणाकूच ना." हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात. त्यावर व्याख्यान देऊ नका. तीन गोष्टी सांगा आणि थांबा. हा हवेतून होणारा आजार आहे, कुणाच्या पापाचा किंवा रक्ताचा नाही. औषध पूर्ण घेतलं तर बरा होतो. औषध आणि तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे. मग त्याला बोलू द्या. पहिल्या पाच मिनिटांत तो जे विचारतो त्यात त्याची खरी भीती असते : नोकरी, लग्न, लेकरू, शेजार.

'क्षय' हा शब्द ऐकला की जुन्या माणसांना सॅनेटोरियम आणि मरण आठवतं. 'टीबी' म्हटलं तर कमी लागतं. लग्नाच्या मुलीच्या घरी गणवेशात, आरोग्य खात्याच्या गाडीतून जाऊ नका. तिला केंद्रात बोलवा, नाहीतर साध्या कपड्यांत जा. वाड्यावर बातमी फिरली की औषध घेणं लपूनछपून होतं, आणि लपूनछपून घेतलेली गोळी चुकतेच.

ताट-वाटी वेगळी करायची का, हे प्रत्येक घरात विचारतात. नाही. टीबी भांड्यांतून, कपड्यांतून, हात मिळवल्याने पसरत नाही. खिडक्या उघड्या ठेवायच्या, रुग्णाने पहिले काही आठवडे तोंडावर मास्क किंवा फडकं धरायचं, शक्य असेल तर वेगळ्या, हवेशीर जागी झोपायचं. औषधाला दाद देणारा टीबी असेल तर रोज गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची ताकद बरीच उतरते. आईने बाळाला अंगावर पाजणं थांबवायचं नाही, पाजताना मास्क लावायचा.

निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर, नोंद त्याच दिवशी करा. खाजगी डॉक्टर, प्रयोगशाळा यांनाही २०१२ पासून नोंद सक्तीची आहे. रुग्ण खाजगीकडेच उपचार घेऊ इच्छित असेल तर ओढून आणायची गरज नाही. नोंद झाली, गोळ्या बरोबर आहेत आणि पाठपुरावा आपल्याकडे आहे, एवढं पुरे.

वजन आणि गोळ्या

काटा चालू आहे का ते आधी बघा. गोळ्यांची संख्या वयावर नव्हे, वजनावर ठरते. पहिले दोन महिने चार औषधं एका गोळीत : आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. प्रौढांत २५ ते ३४ किलोला २ गोळ्या, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५, त्यावर ६. सगळ्या एकदम, दिवसातून एकदाच. अर्ध्या सकाळी आणि अर्ध्या रात्री असं करायचं नाही. मेंदूच्या किंवा हाडांच्या टीबीत हा काळ डॉक्टर वाढवतात.

दर महिन्याला वजन करा. बरा होणारा रुग्ण वजनाने वाढतो आणि वरच्या गटात जातो, तेव्हा गोळ्याही वाढतात. हे डॉक्टरांच्या लक्षात आणून देणं आपलं काम. सहा महिने तीनच गोळ्या खाल्लेला चौपन्न किलोचा माणूस म्हणजे कमी मात्रेचा उपचार. आणि दोन महिन्यांत वजन अजिबात वाढलं नसेल तर तीही घंटा आहे. गोळ्या पोटात जात नाहीत, जंतू दाद देत नाही, किंवा घरात खायला नाही.

गोळ्या रिकाम्या पोटी चांगल्या लागू पडतात. पण मळमळ असेल तर थोडी पेज पिऊन घेतलेल्या गोळ्या, न घेतलेल्या गोळ्यांपेक्षा केव्हाही बऱ्या. पित्तावरची अँटासिड औषधं टीबीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. आणि बायकांना आवर्जून विचारा, कुटुंब नियोजनाची गोळी चालू आहे का? रिफॅम्पिसिनमुळे ती निकामी होते. दुसरं साधन द्यावं लागतं. मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि एचआयव्हीच्या औषधांवरही रिफॅम्पिसिनचा परिणाम होतो, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट मागवून डॉक्टरांपुढे ठेवा.

रिफॅम्पिसिनला दाद न देणारा टीबी निघाला तर इथे थांबा आणि डीआर-टीबी (औषधाला न जुमानणाऱ्या टीबीच्या) केंद्राकडे पाठवा. त्या रुग्णाला धीर द्यायला एक खरी गोष्ट आहे. पूर्वी दीड-दोन वर्षं सुया आणि मूठभर गोळ्या होत्या. २०२४ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने मान्य केलेल्या बीपाल्म उपचारात चार औषधं आहेत, सगळी तोंडाने घ्यायची, आणि बहुतेकांना साधारण सहा महिने पुरतात.

त्रास झाला तर : काय चालवून घ्यायचं, काय नाही

हा भाग मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून सावकाश लिहिते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाच्या बायकोचा फोन आला, लघवी लाल-पिवळी होते म्हणाली. मला पाठ होतं की रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. "औषधाचा रंग आहे, घाबरू नका," म्हणून मी फोन ठेवला. चार दिवसांनी त्याला इस्पितळात दाखल करावं लागलं. कावीळ होती. तो वाचला, पण त्या घराच्या पायरीवर बसून मी त्याच्या बायकोची माफी मागितली. उत्तर पुस्तकातलं होतं, पण ते मी डोळे न बघता दिलं होतं.

तर नारिंगी लघवी ही गोळ्या सुरू झाल्यापासून असते, गोळी घेतल्यावर काही तास जास्त दिसते, भूक शाबूत असते आणि डोळे पांढरे असतात. काविळीत लघवी गडद चहासारखी, दिवसभर, जेवण नकोसं, ओकारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. फोनवर ठरवू नका. दिवसाच्या उजेडात खालची पापणी ओढून बघा, ट्यूबलाइटखाली पिवळेपणा लपतो. शंका आली की सगळ्या गोळ्या थांबवायच्या आणि त्याच दिवशी डॉक्टर. पुन्हा कोणतं औषध कधी सुरू करायचं ते तेच ठरवतील. आपण अर्ध्या गोळ्या चालू ठेवण्याचा शहाणपणा करायचा नाही. दारू पिणाऱ्यांत ही भीती जास्त. 'फेणी औषधाला चालते' असं म्हणणारे गावात खूप भेटतील. लिव्हरला ती अजिबात चालत नाही. हे एकदा स्पष्ट सांगा आणि व्यसनमुक्तीची मदत हवी का ते विचारा.

नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा ओळखताना गोंधळ झाला, तर इथॅम्ब्युटॉलचा संशय. त्याच दिवशी पाठवा, वाट बघितली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. मी पिशवीत रंगीत दोऱ्याची दोन रिळं ठेवायचे, लाल आणि हिरवं. दर भेटीला विचारायचं, हा कोणता? तळपायाला मुंग्या आयसोनियाझिडमुळे येतात, पायरिडॉक्सिनने (बी-६ जीवनसत्त्वाने) कमी होतात. सांधे दुखणं बहुतेक वेळा पायराझिनामाइडचं, वेदनाशामकाने सोसण्यासारखं, आणि दोन महिन्यांनी ते औषधच थांबतं. थोडी खाज चालते, पण अंगभर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळ्या थांबवून ताबडतोब इस्पितळ.

दुसरा महिना

औषध सोडणारे पहिल्या आठवड्यात क्वचित सोडतात. ते सोडतात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, खोकला गेल्यावर, भूक लागल्यावर. बरं वाटतंय आणि गोळ्या तोंडाला कडू. या टप्प्यावर रुग्णाला सांगायचं वाक्य आधीच तयार ठेवा. माझं असं होतं : "शेत जाळलं तरी गवताची मुळं राहतात. दिसत नाहीत, पण पहिल्या पावसाला वर येतात." सत्तरीत, पेडण्यात हे लगेच पटतं.

भेटीचा दिवस त्याच्या आयुष्याशी जोडा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येणाऱ्याला शुक्रवारी गोळ्या द्या. चवथ, शिगमो, देवीची जत्रा यांची तारीख आधी विचारा, त्या काळाच्या गोळ्या आधीच हातात ठेवा. उपासाच्या दिवशी गोळी चालते का, हेही न विचारता सांगून टाका : चालते. कामगार गावी चाललाय असं कळलं की निक्षयवर बदली करा, तिथल्या केंद्राचा क्रमांक लिहून द्या, आणि पोचल्यावर तुम्हीच फोन करा. खोली सोडताना तो सांगणार नाही, म्हणून घरमालकिणीशी ओळख ठेवा. पण रुग्णाने परवानगी दिली असेल तरच तिला कारण सांगा.

एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. सलग काही दिवस चुकले तर स्वतः हिशेब न करता डॉक्टरांना सांगा. महिनाभर चुकले तर रुग्णाची पुन्हा तपासणी होते. चुकल्याबद्दल रुग्णाला झापलं तर पुढच्या वेळी तो खोटं सांगेल, रिकाम्या पाकिटांचे आकडे जुळवून दाखवेल. मी विचारायचे, "या आठवड्यात कोणत्या दिवशी जमलं नाही?" 'जमलं नाही का?' असं कधीच नाही. पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं.

दोन महिने संपताना आणि उपचार संपताना थुंकी पुन्हा तपासायची. दुसऱ्या महिन्यानंतरही जंतू दिसले तर नमुना पुढच्या तपासणीला जायला हवा.

घरातली माणसं

एका रुग्णामागे त्या घरातला प्रत्येक जण तपासायचा, पहिल्याच आठवड्यात. लक्षणं विचारा, शक्य तिथे एक्स-रे. टीबी नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक उपचार. पूर्वी हे फक्त लहान मुलांसाठी होतं, आता घरातल्या सगळ्या वयांसाठी आहे. एकतर सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना यात कधीही गळू देऊ नका.

"मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?" हा इथला नेहमीचा प्रश्न. सांगा की जंतू अंगात झोपलेला असू शकतो. अशा माणसांपैकी साधारण दहातल्या एकाला आयुष्यात कधीतरी टीबी होतो, मधुमेह, कुपोषण किंवा एचआयव्ही असेल तर शक्यता वाढते. रुग्णाचा टीबी औषधाला न जुमानणारा असेल तर घरच्यांचा प्रतिबंधक उपचार वेगळा असतो, तो केंद्रातच ठरेल.

ताटात काय, खात्यात काय

झारखंडमध्ये झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. निकाल २०२३ मध्ये आले. खाणं हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यानंतर कुणी वादात घेऊ नये. पण रुग्णाला 'प्रोटीन पावडर घ्या' म्हणून येऊ नका. त्याच्या स्वयंपाकघरातलं सांगा : उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर नुसतं लोणचं नको, अंडं किंवा सुका बांगडा. कुळथाची पिठी, अळसांद्याचं तोंडाक, चवळी, मूग, जमेल तेव्हा नुस्तें (मासे), शेंगदाण्याचा लाडू. शाकाहारी घरात डाळ दोन्ही वेळा.

रुग्णाला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ते न येण्याचं कारण बहुतेक वेळा बँक खात्यात असतं : आधार जोडलेलं नाही, किंवा खातं वापराविना बंद पडलंय. नोंदणीच्या दिवशीच पासबुक बघा. ट्रॉलरवरच्या मुलांचं खातं गावी असतं, तेही चालतं. निक्षय मित्र, म्हणजे रुग्णाला मदत करायला पुढे आलेली व्यक्ती किंवा संस्था, शिधा देऊ इच्छित असेल तर रुग्णाची लेखी संमती घ्या, आणि टोपली देतानाचा फोटो काढून कुठेही टाकू नका.

तुम्ही स्वतः

मास्कमध्ये गल्लत होते. रुग्णाने साधा सर्जिकल मास्क लावायचा, कारण त्याला जंतू बाहेर सोडायचे नाहीत. तुम्ही एन-९५ लावायचा, कारण तुम्हाला आत घ्यायचे नाहीत. तो नाकावर घट्ट बसला पाहिजे. बाह्यरुग्ण विभागात खोकणाऱ्याला रांगेत उभं न करता आधी बघा, खिडक्या उघडा, पंख्याची हवा तुमच्याकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर जाईल अशी बसायची जागा करा. पावसात सगळी दारं लावून एसी चालू करतात, तेव्हा बाहेरच्या पडवीत टेबल टाकलेलं बरं.

आणि स्वतःचा खोकला मोजा. माझ्या सोबतच्या एका नर्सचा खोकला अडीच महिने ॲलर्जी म्हणून चालला होता. रोज पन्नास जणांना प्रश्न विचारणाऱ्या बाईला तोच प्रश्न कुणी विचारला नव्हता, मीही नाही. वर्षातून एकदा तपासणी आणि दोन आठवड्यांचा खोकला झाला की थुंकी, हे कर्मचाऱ्यांनाही लागू.

शेवटची गोळी आणि त्यापुढे

शेवटच्या दिवशी थुंकीचा निकाल हातात घेऊनच उपचार पूर्ण झाल्याचं सांगा. मग रुग्णासमोरच पुढच्या चार तारखा लिहा : सहा, बारा, अठरा, चोवीस महिने. टीबी उलटला तर बहुतेक वेळा या काळात उलटतो. कार्डावर लिहाच, पण स्वतःच्या वहीतही लिहा, कारण कार्ड देव्हाऱ्यामागे जातं आणि मोबाइलचा क्रमांक बदलतो. मी रुग्णाला विचारून घरातल्या दुसऱ्या एकाचा क्रमांक आणि वाड्यावरच्या एखाद्या दुकानाचं नाव लिहून ठेवायचे. शंका आली आणि तुम्ही भेटला नाहीत, तर रुग्णाला १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांकही पाठ करून द्या. त्या तारखांना भेटाल तेव्हा वजन करा, खोकला आणि ताप विचारा, दम लागतो का तेही बघा, कारण टीबी बरा झाल्यावरही काहींची फुप्फुसं पूर्वीसारखी होत नाहीत. लक्षण दिसलं तर त्याला परसात घेऊन जा, चूळ भरायला पाणी द्या आणि डबी हातात ठेवा.